दगड न् दगड पांढरा

थंडीत कुठे जाऊन आलात, असं ऑफिसात कुणी विचारलं की लोक गोवा म्हणतात, महाबळेश्वर म्हणतात, फारच हौस असली तर उटी. मी म्हटलं, "इंदापूर. दफनभूमी बघायला गेले होते." डबा खाता खाता तिघींचे घास हातातच राहिले. एकीने तर "बरं वाटतंय ना गं?" म्हणून माझं कपाळ चाचपलं. तेव्हापासून जो भेटेल त्याला पहिल्यापासून सांगावं लागतंय. म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू. ज्यांना जायचं नाही त्यांनी घरबसल्या वाचावं, आणि ज्यांना जावंसं वाटेल त्यांनी रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत जावं.

मी पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरीला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर शोभा बसते. ती इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची. तिचा थोरला भाऊ दिलीप इंदापूरच्या शाळेत इतिहास शिकवतो, आणि या गृहस्थाने गावाबाहेरच्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीत लोकांना हिंडवून आणायचा उद्योग काढलाय. दर रविवारी, आणि तोही फुकट.

"स्मशानात सहल?" मी म्हटलं. "तुझ्या भावाला दुसरी जागा नाही मिळाली?"

"येऊन तर बघ. उगाच तोंडाची वाफ दवडू नकोस," शोभा म्हणाली.

खरं सांगायचं तर मी बिचकत होते. आमच्याकडे बायका त्या वाटेला जात नाहीत. वडील गेले तेव्हा मी चांगली नोकरी करणारी, दोन मुलांची आई. पण मला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. "तू इथूनच नमस्कार कर," काका म्हणाले आणि मी मुकाट्याने केला. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्या रागाच्या भरातच मी शोभाला हो म्हटलं असणार.

माळेगाव बुद्रुक

इंदापूरला जायचं तर सरळ सोलापूरच्या रस्त्याने जावं, पण आम्ही बारामतीवरून वाकडी वाट केली. कारण शोभाचे वडील. सगळे त्यांना तात्या म्हणतात. माळेगावच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या सोबत्याकडे साखरपुडा होता, तो उरकून ते बारामतीच्या स्टँडवर आमची वाट पाहत उभे होते. पांढरा सदरा-पायजमा, गळ्याला मफलर, हातात माझ्यासाठी पेरूंची पिशवी.

"जय भीम, ताई. कारखाना बघितल्याबिगर म्होरं जायाचं न्हाय," त्यांनी फर्मान काढलं.

गळीत ऐन भरात होतं. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग पार दिसेनाशी होईपर्यंत. बैल सोडलेले, गाडीखालीच चुली पेटलेल्या, पोरं उसाची कांडी सोलत बसलेली. आणि वास! गोड, आंबूस, मळीचा. पहिल्यांदा नाकाला झोंबतो आणि तासाभराने आपल्याला तो येतच नाही. तात्यांनी उभं आयुष्य या कारखान्यात साखर शिजवली. चहाच्या टपरीवर मात्र पोऱ्याला ओरडून सांगितलं, "माझा बिनसाखरंचा." डायबिटीस. मी हसू दाबलं, तर तेच म्हणाले, "हसा की. आमी पन हसतो."

चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ताई, पुन्यास्नं मसण बघाया आलाव?"

"हो ना तात्या. सर खूप छान सांगतात म्हणे."

"सांगतो की. भिंतीच्या आतलं समदं सांगतो." ते कपात बघत राहिले. "भिंतीच्या भाईर पन हाय थोडं."

"तात्या," शोभा एवढंच म्हणाली. तात्या मला पेरू कापून द्यायला लागले.

एसटीत बसल्यावर तात्या पुढच्या बाकावर डुलक्या घ्यायला लागले आणि मी शोभाला धरलं. हे आत-बाहेर काय प्रकरण आहे? तिने सांगितलं ते असं. गोऱ्यांच्या दफनभूमीला चहूबाजूंनी दगडी भिंत आहे. भिंतीच्या दक्षिणेला गायरान. त्या गायरानात पूर्वी इंदापूरच्या महारवाड्यातली माणसं पुरत; वरकुट्याला येण्याआधी तात्यांचं घर त्या वाड्यातच होतं. तात्यांची आई, म्हणजे शोभाची आजी, तिथेच आहे. तात्या चारेक वर्षांचे असताना गावात साथ आली आणि ती गेली. वर एक दगड, नाव-गाव काही नाही. पण कुठला दगड ते तात्यांना ठाऊक आहे.

"आता हायवेवरचे ट्रक बाजाराच्या रस्त्यात उभे राहतात, रोजची बोंब," शोभा म्हणाली. "म्हणून ते गायरान सपाट करून ट्रकतळ करायचा बेत आहे. रविवारी बारामतीचे प्रांतसाहेब येणार आहेत. कुंपण कुठून घालायचं ते ठरवायला. कुंपणाच्या आत येईल ते राहील, बाहेरचं जेसीबीखाली जाईल."

"मग तुझा भाऊ काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही. तीच तर पंचाईत आहे."

वरकुटे

शोभाच्या घरी आम्ही दिवेलागणीला पोचलो. पुण्यात शोभा माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. उंबरा ओलांडला आणि "वहिनी, च्या ठिव गं" सुरू. मी चिडवलं तर म्हणाली, "माहेरी आल्यावर चपला बाहेर काढतो, तशी तुमची पुणेरी भाषा बाहेर काढायची."

मंगलवहिनी, म्हणजे दिलीपसरांची बायको, यांच्या हातचं जेवण मी विसरणार नाही. चुलीवरच्या बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची ओली चटणी, वर लोण्याचा गोळा. उजनीच्या पाण्यातल्या मासळीचं कालवणही होतं. मी खाणार नाही असं समजून ते बाजूला ठेवलेलं बघून मी म्हटलं, "वहिनी, मला काय परक्यासारखं वागवताय, वाढा इकडे." आमच्या घरी मासे होत नाहीत, पण घर पुण्यात होतं. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहिलं, आणि तरी मी दुसऱ्यांदा घेतलं. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" एकदा विचारतात. इथे विचारतच नाहीत, वाढतात.

जेवतानाच मी विषय काढला. मला पोटात काही ठेवता येत नाही. "सर, बाहेरच्या दगडांपाशी तुम्ही लोकांना का नाही नेत?"

दिलीपसर उंच, सडसडीत, वर्गात बोलतात तसेच घरातही ठासून बोलणारे. पण या प्रश्नाला त्यांचा आवाज खाली आला. "ताई, गावाने मला हे किती मुश्किलीने करू दिलंय तुम्हाला कल्पना नाही. मास्तरला येड लागलं म्हणाले. आता कुठे लोक यायला लागलेत. उद्या मी म्हटलं, बाहेर माझी आजी आहे, ती जागाही राखा; की म्हणतील, बघा, एवढा खटाटोप आपल्या माणसांची जागा धरायला केला होता. मग बाहेरचंही जाईल आणि आतलंही."

मी तात्यांकडे बघितलं. ते भाकरी कुस्करत होते. "पोरगं बराबर बोलतंय," ते म्हणाले.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. वहिनींनी त्यांच्या ताटात चटणी वाढली, आणि मलाच आपण उगाच खपली काढली असं झालं.

इंदापूर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर सरांनी मला एकटीला आधी दफनभूमी दाखवली. रविवारी गर्दी होईल म्हणून.

हायवेवरून ट्रक धडधडत जातात, तिथून थोडं आत वळलं की बाभळी लागतात, मग भिंत, मग गंजकं फाटक. फाटकाशी माझे पाय थबकले. सर पुढे जाऊन उभे राहिले. मी मनात काकांना दोन शिव्या हासडल्या आणि आत पाऊल टाकलं. काहीही झालं नाही. एक खार चिंचेवर पळाली. मला एकदम वडिलांची फार आठवण आली आणि मी तिथेच एका चौथऱ्यावर बसून मनसोक्त रडून घेतलं. सर झाडाकडे बघत उभे राहिले. शिक्षकांना रडणाऱ्या माणसांची सवय असते.

मग त्यांनी दाखवायला घेतलं, आणि काय सांगतो हा माणूस! हातात वेताची छडी, एकेका थडग्यापुढे थांबणार, झिजलेली इंग्रजी अक्षरं बोटाने लावणार आणि त्यातून माणूस उभा करणार. एक रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसीअर, सोलापूरकडे सडक नेता नेता तापाने गेलेला. एक तरणी बाई, बाळंतपणात गेली. शेजारी वीतभर चौथऱ्यात तिचं बाळ. "इतक्या लांबून आली आणि आपल्या बायकांसारखीच गेली," सर म्हणाले. एका थडग्यावर विड्या ठेवलेल्या. हायवेवरचे ड्रायव्हर ठेवून जातात, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. त्या साहेबाने जन्मात विडी ओढली नसेल. आता बिचाऱ्याला रोज ओढावी लागते.

या जागेत सरांनी काय काय करून पाहिलंय! चिंचेखाली मुलांची चित्रकला स्पर्धा. पावसाळ्यात झाडं लावणं. एकदा सर्पमित्राचं व्याख्यान ठेवलं, तर व्याख्यान चालू असतानाच भिंतीतून खरी धामण निघाली आणि श्रोते तिच्याआधी पसार झाले. रक्तदान शिबिर घ्यायचंही मनात होतं, डॉक्टरांनी हात जोडले, "सर, इथे रक्त काढलं असं कळलं तर माझ्या दवाखान्यात कुत्रं येणार नाही."

मंगलवहिनींनी एक युक्ती काढली होती. मयताहून आलं की पाय धुवायचे आणि कडुलिंबाचं पान चावायचं, ही आपली रीत. तर फेरी संपली की फाटकाशी पाण्याची बादली आणि लिंबाचा डहाळा तयार. पाय धुवा, पान चावा, मग वर गूळ-शेंगदाणे. त्यामुळे पुरुषमंडळी निर्धास्त झाली. पोरीबाळीही यायला लागल्या. पण गावातल्या बायका मात्र फाटकापर्यंत नवऱ्याबरोबर येतात आणि बाहेर गप्पा मारत थांबतात. एकीनेही अजून आत पाय ठेवला नव्हता.

दक्षिणेची भिंत मध्येच ढासळून कमरेएवढी झाली होती. मी तिथून पलीकडे डोकावले. गवत, बाभळीची झुडपं, मातीच्या रंगाचे दगडधोंडे. मला तर काहीच ओळखू आलं नाही. सर शेजारी उभे होते, पण त्यांनी छडी उचलली नाही.

दुपारी बाजारात चहाला थांबलो. सर पेपर तपासायला परत शाळेत गेले होते, मी आणि शोभा दोघीच. तिथे आबा भेटले. आबा म्हणजे दफनभूमीच्या देखभाल समितीचे अध्यक्ष, माजी सरपंच, फेटेवाले, भरघोस मिशांचे. ट्रकतळाच्या अर्जातही त्यांचाच पुढाकार. मी मनात दात-ओठ खाऊन तयार होते, पण माणूस इतका दिलदार निघाला की रागावताच येईना. मी टेलिफोन खात्यातली आहे हे कळल्यावर त्यांनी आधी भजी मागवली आणि मग कामाचं काढलं.

"ताई, माझ्या फोनचा नंबर कधी लागायचा? नातू झाला, चालाय लागला, पन फोन न्हाय."

असं मला त्या तीन दिवसांत अर्ध्या इंदापूरने विचारलं. मी प्रत्येकाला "लवकरच" म्हटलं. खात्याची माणसं तेवढंच म्हणू शकतात.

"उद्या प्रांतसाहेब येनार," आबा म्हणाले. "गावाची इज्जत हाय. मंडळाच्या पोरांस्नी सांगितलंय, चुना भिजवा, काव कालवा. पाव्हणा दारात यायाच्या आधी घर सारवतो का न्हाय आपन? दगड न् दगड पांढरा करा म्हणलं!"

"वा!" मी म्हटलं. मला वाटलं, वाटेच्या कडेचे दगड आणि झाडांची आळी रंगवणार असतील. सरकारी विश्रामगृहात असतात तशी.

रविवार

रविवारी सकाळी आम्ही सगळे वरकुट्याहून निघालो. तात्या नेहमीप्रमाणे बरोबर. दर रविवारी ते येतात, पडक्या भिंतीवर बसतात आणि पोराचं बोलणं ऐकतात, असं शोभा म्हणाली.

फाटकातून आत बघितलं आणि दिलीपसरांच्या हातातली छडी गळून पडली.

अख्खी दफनभूमी पांढरीफेक. प्रत्येक थडग्याला चुन्याचे दोन हात, खाली गेरूचा तांबडा पट्टा, जशी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावी. अक्षरं सगळी बुजलेली. ओव्हरसीअर कुठला, बाळंतीण कुठली, काही पत्ता नाही. सगळ्या एका घाण्यातल्या इडल्या. विड्यावाल्या साहेबाला तर वर तुळशीवृंदावनासारखी नक्षीसुद्धा काढली होती. तरुण मंडळाची पोरं कोपरापर्यंत पांढरी होऊन शाबासकीची वाट बघत उभी.

"कसं काय, मास्तर?" आबांनी मिशीला पीळ दिला. "बघत ऱ्हावं का न्हाय?"

दिलीपसर एका थडग्यावरचा चुना नखाने खरवडायला लागले. "आबा... अक्षरं..."

"आक्षरं कोन वाचतंय? तुमी तोंडानं सांगा की. तुमास्नी पाठ हाय."

भांडायलाही वेळ नव्हता. जीप आली. सगळे "साहेब, साहेब" करत पुढे धावले, आणि जीपमधून उतरल्या एक तिशीतल्या बाई. सुती साडी, वेणी, पायात साध्या चपला. आबांनी प्रांतसाहेबांसाठी आणलेला हार हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "या साहेब, या बाई..." आणि हार माझ्याकडे दिला. मी तो त्यांच्या हातात ठेवला. एका घोळातून तर सुटलो.

प्रांतबाई फाटकातून थेट आत गेल्या. बाहेर उभ्या बायकांमध्ये कुजबुज झाली. आबांच्या बायकोला सगळे काकी म्हणतात. त्या पदर सावरून म्हणाल्या, "सायेब हाय ती. सायबाला चालतंय."

सरांनी फेरी सुरू केली, पण त्यांचा सूर लागेना. "इथे बहुधा..." म्हणायचे आणि थांबायचे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला इतकं वाईट वाटत होतं की चुन्याची एक बादली आबांच्या फेट्यावर ओतावीशी वाटली. प्रांतबाईंबरोबरचा मोजणीदार खुंट्यांची जुडी घेऊन कंटाळून उभा. बाईंनी घड्याळ बघितलं आणि कुंपणाची जागा बघायला दक्षिणेच्या पडक्या भिंतीकडे वळल्या. तात्या तिथे बसले होते. ते उठून बाजूला झाले.

बाईंनी पलीकडे बघितलं. "आणि ते काय आहे?"

आम्ही सगळे भिंतीपाशी गेलो. काल जिथे मला नुसतं गवत दिसलं होतं, तिथे झुडपांच्या मधून पांढरे दगड उठले होते. एक, मग त्यामागे एक, मग रांग, मग आणखी रांग, पार ओढ्यापर्यंत. सगळे एकाच दिशेला तोंड करून. मोठे होते, आणि मध्ये मध्ये लहान लहान होते, मुलांचे. त्यांना दगडधोंडे म्हणायची आता कुणाची छाती नव्हती.

"ते... दगडं हायत, साहेब," आबा म्हणाले. आणि मग त्यांचाच आवाज चढला. "आरं, हे कुनी रंगवलं?"

मंडळाचा एक पोरगा पुढे आला. "आबा, तुमीच म्हनलाव, दगड न् दगड. आनि चुना उरला हुता. भिजवल्याला चुना वाया कसा घालवायचा?"

बाईंनी दिलीपसरांना विचारलं, "सर, हे कोण?"

दिलीपसरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वर्गभर मुलांना गप्प बसवणारा माणूस, कपाळावर घाम. मी त्यांच्याकडे बघत होते, शोभा बघत होती, आबा बघत होते. मला कळत होतं, ते मनात काय तोलत होते. त्यांनी मान खाली घातली.

तात्यांनी मफलर काढून खांद्यावर टाकला, चपला काढल्या आणि भिंतीच्या पडक्या जागेतून पलीकडे गेले.

"मी सांगतो," ते म्हणाले. "ही आमची मानसं. आतल्या साहेबांचं खड्डं यांनीच खांदलं. सडकंचा दगूड यांनीच फोडला. आत जागा न्हवती, म्हून भाईर निजली. पुढं आमी दीक्षा घेतली, जाळाया लागलो, मंग हिकडं कुनी येईना. गवात वाढलं." ते चालत चालत एका दगडापाशी थांबले. मध्यम उंचीचा, जरा कललेला. "ही माझी आय."

आबा भिंतीवरून पलीकडे वाकून बघत होते. त्यांचा चेहरा पडला होता. "तात्या, इतकी वर्सं झाली... येका शब्दानं कधी बोलला न्हाईस."

"इचारलं कुनी?" तात्या म्हणाले. रागाने नाही, सहज म्हणाले. आबांनी फेट्याचं टोक उगाच सारखं केलं.

प्रांतबाई भिंत ओलांडून तात्यांजवळ गेल्या. "आईंचं नाव काय, बाबा?"

तात्या दगडापाशी उकिडवे बसले. "ठावं न्हाय, बाई. मी ल्हान हुतो. आय म्हनायचो. बा पन लवकर गेला. मंग इचारायला कुनी ऱ्हायलंच न्हाय." आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज चिरकला. "आतल्या समद्यांस्नी नावं हायत."

शोभाने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. आजीचं नाव बापाला माहीत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात मागे पैंजणं वाजली. फाटकाबाहेरच्या बायका. आत न येता भिंतीच्या बाहेरून वळसा घालून त्या गायरानात आल्या होत्या, गवतातून काट्याकुट्यातून, आणि पुढे काकी. कुणी बोलावलं नव्हतं. ती जागा भिंतीबाहेर होती, तिथे फाटक नव्हतं, की उंबरा नव्हता.

काकी दगडासमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट केला. "तात्याभावजी, आईचं म्हायार कुठलं?"

तात्यांनी वर बघितलं. "म्हायार? कळस. कळसास्नं मामा यायचा, मला खांद्यावर घ्यायचा. त्ये आठवतंय."

"मंग झालं की!" काकी म्हणाल्या. "कळसकरीण. गावानं कळसकरीणच म्हनलं आसनार. माझ्या सासूला तरी नावानं कोन हाक मारायचं? निमगावकरीणच म्हनायचे मरंस्तवर. मला बी हितं काटीकरीणच म्हनत्यात. बाईचं नाव ह्येच आसतंय."

मागच्या बायकांमधून एक "व्हय की" आलं, मग दुसरं. एक म्हातारी म्हणाली, "कळसकरीण. माज्या आजीच्या तोंडी हुतं ह्ये नाव. म्हनायची, कळसकरणीच्या मडक्यातलं पानी लई गार." मला ते खरं वाटतं की नाही, ते विचारू नका. तात्यांना खरं वाटलं. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि दोनदा, हळू, ओठांतल्या ओठांत ते नाव म्हणून बघितलं.

प्रांतबाई मोजणीदाराला म्हणाल्या, "खुंट्या ओढ्याच्या बाजूने घ्या. हे सगळं आत." मग आबांकडे वळल्या. "आबा, ट्रकांचं दुसरीकडे बघावं लागेल."

सगळ्यांच्या माना आबांकडे. आबांनी घसा खाकरला. "ट्रका काय, ट्रका कुटं बी लागत्यात," ते म्हणाले, आणि मग मंडळाच्या पोरांवर खेकसले, "बघत काय उभं ऱ्हायलाय? ती झुडपं तोडा, बायकांस्नी काटं लागत्यात."

दिलीपसर अजून भिंतीच्या आतच उभे होते. बापाने नाव म्हणून बघितलेलं त्यांनी ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. पण त्यांनी चपला काढल्या. भिंत ओलांडली. गवतात, बायका आणि पोरं आणि प्रांतबाई आणि फेटेवाले यांच्या मधोमध येऊन उभे राहिले, आणि त्यांचा वर्गातला आवाज परत आला, ओढ्यापर्यंत जाईल असा.

"सगळे इकडे या. फेरी इथून सुरू करू," ते म्हणाले. "ही कळसकरीण. माझी आजी."